डिकीचा उंबरठा



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज गाडीच्या डिकीतल्या एका तुटलेल्या प्लास्टिकच्या पट्टीबद्दल लिहिणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

पौषातली गोष्ट. मुनिसंघाचा विहार बीडकडून कुंथलगिरीच्या दिशेने चालला होता. आपलं चौसाळा 52 नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर असल्यामुळे हे भाग्य आपल्याला अधूनमधून मिळतं. कुलभूषण-देशभूषण मुनींची ती निर्वाणभूमी, आणि 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली तीही तिथंच. त्यामुळे तिकडं निघालेल्या संघाला आहार द्यायचा म्हटलं की घरात वेगळाच उत्साह असतो. पुढच्या मुक्कामी आपण चौका लावायचा असं आम्ही चार-पाच घरच्या बायकांनी ठरवलं.

चौका म्हणजे किती सामान, ते तुम्हाला सांगायला नको. शेगडी, सोवळ्याची भांडी, पाण्याच्या कळशा, गाळणी, निवडलेले गहू आणि जातं. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवसांची असते हे मला माहीत आहे, पण माझ्या सासूबाई चौक्याचं पीठ त्याच दिवशी दळायच्या, म्हणून मीही दळते. तर ते दगडी जातं पहाटे डिकीत ठेवायचं होतं. मी एका बाजूनं धरलं, सूनबाईनं दुसऱ्या. जातं डिकीच्या काठावर टेकलं, तिनं आत सरकवलं आणि कडकन आवाज झाला. डिकीच्या काठाला, कुलपाच्या दोन्ही बाजूंना जी आडवी काळी पट्टी असते, जिला मी डिकीचा उंबरठा म्हणते, ती मधोमध तडकली.

आणि मी बोलले. "अगं, जरा जपून! माहेरी कधी जड वस्तू उचलली नाहीस का?"

चार बायका समोर उभ्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "चुकलं, आई." वाटेत गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

पडगाहन झालं. महाराजांसमोर हात जोडून मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी म्हणताना 'वचनशुद्धी' या शब्दाशी माझी जीभ किंचित अडखळली. पण मनानं लगेच समजूत काढली, की मी खोटं काय बोलले? तोडलं तर तिनंच. आहार निरंतराय झाला, सगळ्या आनंदात परत आलो. विषय संपला असं मी धरून चालले.

पट्टी मात्र तुटलेलीच होती. शोरूमला विचारलं तर आख्खी पट्टी मागवावी लागेल, मजुरी धरून दोन हजारांच्या घरात जाईल म्हणाले. हे म्हणाले, "बदलून टाकू." मी म्हटलं, थांबा. तुटलं की टाकलं, हे माझ्या स्वभावात नाही. अपरिग्रहाचा अर्थ कमी आणणं एवढाच नाही. जे आणलंय त्याला पूर्ण वापरणं हाही आहे, असं मी मानते. आणि आपण तर कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांची कथा ऐकत लहानाच्या मोठ्या झालो. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. पण तिथं मस्तक वेगळं झालेली मूर्ती तूप-साखरेत सात दिवस ठेवली आणि ती पुन्हा सांधली गेली, असं सांगतात. देवाची गोष्ट देवाकडे, पण जोडून पाहायला काय हरकत आहे?

पहिल्यांदा केली ती चूक सांगते, म्हणजे तुमची वाचेल. मी झटपट चिकटणारा गोंद लावला. संध्याकाळपर्यंत छान दिसलं. दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी ठेवली आणि पट्टी पुन्हा उघडी. दोष गोंदाचा नाही, प्लास्टिकचा आहे. गाडीतल्या अशा पट्ट्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत असतो, साधा गोंद त्याला धरतच नाही. पट्टी उलटी करून पाहिली की मागच्या बाजूला अक्षरं उठवलेली असतात. 'पीपी' असेल तर ते हेच प्लास्टिक. 'एबीएस' असेल तर ते वेगळं, त्याला दोन नळ्यांचा इपॉक्सी चांगला धरतो. (ज्यांच्या मनात शंका येईल त्यांच्यासाठी: जुन्या सुतारांचा सरस प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून करतात, इपॉक्सीचं तसं नाही.)

आपल्या स्वयंपाकघरातले कितीतरी डबे याच पॉलिप्रॉपिलीनचे असतात. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात 5 हा आकडा दिसला की समजायचं. हे प्लास्टिक चिकटत नाही, पण वितळून एकजीव होतं. म्हणजे त्याला गोंद नाही, झाळ हवी.

नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेलं सोल्डरिंग आयर्न घरात होतं. झाकण फुटलेला एक 5 नंबरचा डबा होता, त्याच्या बोटभर लांब पातळ पट्ट्या कापल्या. आणि चहाची एक जुनी स्टीलची गाळणी, तिची जाळी काढून घेतली. एवढंच साहित्य.

पट्टी काढण्याआधी ती तासभर उन्हात तापू दिली. थंडीत प्लास्टिक कडक होतं, ओढलं तर आणखी तुटतं. मग उलथन्याला फडकं गुंडाळून कडेनं हळूहळू उचकटली. खाली पाहते तर गव्हाचे सांडलेले दाणे आणि त्यावर मुंग्यांची रांग. दाणे अलगद उचलून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवले आणि मुंग्या आपोआप निघून जाईपर्यंत थांबले. गरम हत्यार हातात घ्यायचं तर यत्नाचार आधी. म्हणूनच हे काम दिवसाउजेडी केलं, दिव्याखाली किडे गोळा होतात.

मग पट्टी साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी केली. तडा जिथं संपतो तिथं बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढं सरकत नाही. मागच्या बाजूनं तड्यावर गरम टोकानं उथळ चर पाडली. जाळीचा तुकडा त्यावर आडवा ठेवून टोकानं दाबला, की तो वितळलेल्या प्लास्टिकमध्ये बुडतो. घराच्या स्लॅबमध्ये सळई घालतात ना, तसंच हे. वरून डब्याच्या पट्ट्या वितळवून भरल्या. गार करायला पाणी घालायचं नाही, आपोआप निवू द्यायचं. हे सगळं अंगणात, तोंडाला फडकं बांधून आणि वाऱ्याच्या उलट बाजूला बसून करायचं, कारण तो धूर चांगला नाही. आणि प्लास्टिकला वापरलेलं टोक पुन्हा नाजूक कामाला चालत नाही, तेव्हा टोक वेगळं ठेवा.

एक सावधगिरी. हा उद्योग डिकीच्या काठापुरताच. दारांमधल्या खांबांवरच्या पट्ट्यांमागे काही गाड्यांत एअरबॅग असते, तिथं हात घालू नका. डिकीच्या बाजूच्या पट्ट्यांतही दिव्यांच्या वायरी असतात, ओढाओढी करू नका.

जोड उत्तम बसला. समोरून केसाएवढी रेघ दिसते, बस्स. आता पट्टी परत बसवायची म्हणून उलटी धरली आणि माझा हात थांबला.

अशी पट्टी गाडीला क्लिपांनी धरलेली असते, छोट्या छत्रीसारख्या काळ्या क्लिपा. माझ्या पट्टीला सहा जागा होत्या आणि क्लिपा चार. मधल्या दोन नव्हत्या. तुटून पडल्या असत्या तर त्यांचे तुकडे खाली सापडले असते. नव्हतेच. म्हणजे पट्टी मधोमध नुसती पोकळीवर टेकलेली होती, खालून आधार नाही. त्यावर जातंच काय, कळशी टेकली असती तरी ती कधी ना कधी तडकली असती.

आणि मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या कानातल्याची फिरकी डिकीत पडली होती. शोधताना मीच ही पट्टी उचकटली होती. दोन क्लिपा निघून आल्या, त्या परत बसेनात. पट्टी नुसती दाबून बसवली आणि क्लिपा "नंतर बघू" म्हणून ठेवून दिल्या. आत गेले आणि बटणांचा डबा उघडला. दोन्ही काळ्या क्लिपा बटणांमध्ये पडलेल्या होत्या.

मैत्रिणींनो, मी खाली बसले. तिनं तोडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी जे अर्धवट सोडलं होतं, ते फक्त तिच्या हातून उघडं पडलं. आणि मी चार जणींसमोर तिचं माहेर काढलं होतं.

कॉमर्स शिकताना आम्हाला शिकवलं होतं, की चुकीच्या खात्यावर नावे टाकलेली रक्कम खोडायची नसते. खाडाखोड केली तर वहीवरचा विश्वास जातो. दुरुस्तीची नोंद वेगळी घालायची, तारखेसकट आणि कारणासकट. मी तर मनातल्या मनात खोडायला निघाले होते. पट्टी नीट झालीच आहे, कशाला विषय काढा, असंही एकदा मनात आलं. शिवाय क्षमावाणी आहेच की. भाद्रपद वद्य प्रतिपदेला सगळेच सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणतात, त्यात हेही येऊन जाईल. पण त्याला अजून आठ महिने होते. आणि त्या दिवशी आपण सगळ्यांची क्षमा मागतो तेव्हा नेमकं कशाबद्दल मागतो, हे कोणी कोणाला सांगत नाही.

सूनबाई ओट्याशी होती. मी दोन्ही क्लिपा तिच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. फिरकीचं, पोकळीचं आणि बटणांच्या डब्याचं. म्हटलं, "पट्टी माझ्यामुळे तुटली. आणि माहेरावरून बोलले ते तर पट्टी तुझ्यामुळे तुटली असती तरी चूकच होतं. मला क्षमा कर."

ती बराच वेळ क्लिपांकडे पाहत होती. मग म्हणाली, "आई, जातं टेकवतानाच मला ती पट्टी हलल्यासारखी वाटली होती. पण सांगितलं तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून बोलले नाही."

क्षमा तिनं केली, पण हे वाक्य मला अजून टोचतं. माझ्या घरात माझ्या सुनेला डोळ्यासमोरची सैल पट्टी दाखवायची भीती वाटते, तर आधार आणखी कुठंतरी निखळलेला आहे. त्याला सोल्डरिंगचं यंत्र चालत नाही. ते रोज थोडं थोडं करावं लागेल.

त्या दिवशी आमच्याबरोबर आलेल्या बायकांनाही मी हे सांगितलं. बोलले होते त्यांच्यासमोर, मग दुरुस्तीही त्यांच्यासमोरच व्हायला हवी. एकीनं हसून विषय बदलला, एक मात्र घरी गेल्यावर फोन करून बराच वेळ बोलली.

बटणांच्या डब्यातल्या क्लिपांचे पाय पिचले होते, म्हणून बीडला गेल्यावर नमुना दाखवून नव्या दोन आणल्या, वीस रुपयांत. त्या सूनबाईनंच बसवल्या. टक् टक् आवाज आला की बसली समजायचं. आता जड सामान ठेवताना आम्ही काठावर जुनी वाकळ घालतो, ही युक्तीही तिचीच.

तुमच्या घरातली पट्टी तडकली तर मागच्या बाजूची अक्षरं आधी बघा. आणि कुणाला बोलण्याआधी क्लिपा मोजा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.