मॉरिशस : रिसॉर्टच्या आत आणि बाहेर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण मॉरिशसला जाऊन आलो : आई, बाबा, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि मी. परत आल्यापासून मंडळातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे नक्की काय गं? परवडतं का? शाकाहारी माणसाचं कसं होतं?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे, सहा तासांच्या थोडं वर लागतात. भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याची जागा दाखवली की शिक्का मिळतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. हा दीड तास लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. आणखी एक गंमत म्हणजे ऋतू उलटे. नोव्हेंबरात तिथे उन्हाळा सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडे मे महिन्यात पेटणारा गुलमोहर तिथे दिवाळीनंतर फुलायला लागतो. बाजारात लिची आणि आंबे येऊ लागतात.

आता ऑल इन्क्लुझिव्हबद्दल. राहणं, तिन्ही वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी, सरबतं, घेणाऱ्यांसाठी मद्य आणि इंजिन नसलेले पाण्यातले खेळ, या सगळ्याचे पैसे आधीच भरायचे. पोहोचल्यावर मनगटावर एक रंगीत पट्टा बांधतात. तो पट्टा दिसला की कुणी बिल मागत नाही. ही पद्धत १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने सुरू केलेल्या 'क्लब मेड'ने रूढ केली. तेव्हा राहायला तंबू होते. सुट्टीवर आलेल्या माणसाला पाकीट काढावं लागू नये, ही कल्पना. पुढे पेयांसाठी तिथे पैशांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालत.

कल्पना चांगली आहे, पण ती ब्लिट्झसाहेबांनी निवृत्त बँक कर्मचाऱ्यावर करून पाहिली नसावी. बाबांचं पाकीट बंद होतं, हिशोब मात्र चालू होता. पहिल्या सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्यांनी डोशापासून पॅनकेकपर्यंत सगळं फिरून पाहिलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "माणशी जे भरलंय ते वसूल करायचं तर दुपारपर्यंत उठता येणार नाही." नवऱ्याने कयाक चालवली ती आवड म्हणून, पण मुलगा, मी आणि काचेच्या तळाची होडी यांची नोंद बाबांनी 'वसुली' या खात्यात केली. स्कूबा, स्पा, लॉब्स्टर आणि बाहेरच्या सहली पॅकेजमध्ये नसतात. खास रेस्टॉरंटमध्ये मुक्कामात ठरावीक वेळाच जेवता येतं आणि तेही आधी नाव नोंदवून. हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

शाकाहाराची चिंता करू नका. भारतीय जेवणाचं टेबल रोज होतं. पण आमची खरी मजा झाली ती मॉरिशियन पदार्थांच्या कोपऱ्यात. 'गातो पिमा' म्हणजे आपला डाळवडाच. 'आशार' म्हणजे लोणच्याचा प्रकार. 'अलुदा' चाखल्यावर मुलगा ओरडला, "हा तर फालुदा!" आणि ढोलपुरी हा तिथला सगळ्यांचा आवडता पदार्थ. मऊ पोळीत वाटलेल्या डाळीचं सारण, सोबत वालाच्या जातीच्या दाण्यांची रस्सा भाजी आणि चटणी. आईने एक घास घेतला आणि निकाल दिला, "पुरणपोळीच आहे, गूळ घालायचा राहिलाय." चहा मात्र व्हॅनिलाच्या वासाचा असतो. आईने तो दोन दिवस सोसला, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आल्याचा तुकडा मागवला.

समुद्राबद्दल सांगायचं तर बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा दूर त्या भिंतीवर फुटतात, पांढरी रेघ दिसते आणि आवाज ऐकू येतो. अलीकडचं पाणी उथळ, शांत आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. आमचं रिसॉर्ट पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकजवळ होतं, त्यामुळे सूर्यास्त रोज समोर. पाण्यात शिरताना रबरी बूट घाला, तळाशी समुद्री साळू असतात, त्यांचे काटे पायात मोडतात. आई साडी गुडघ्यापर्यंत खोचून रोज अर्धा तास पाण्यात उभी राहायची. सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाईला कुणी वाढतंय, ताट उचलतंय, हे पाहायला मला बरं वाटत होतं. तिला मात्र दुसऱ्या दिवशीच करमेना.

आता तो दीड तास. आई बडोद्यात पाचला उठते. त्यामुळे तिथे तिला साडेतीनला जाग येई. आंघोळ करून ती व्हरांड्यात बसून राही. उजाडता उजाडता कामगारांची गाडी येई. रात्रीतून वाहून आलेलं शेवाळ दाताळ्याने ओढून ढीग करायचे, वाळू सारखी करायची, खुर्च्या मांडायच्या. पाहुणे उठेपर्यंत किनारा असा होई की जणू तो कायम तसाच असतो. तिसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी गणपतीची आरती पुटपुटत होती. वाळूत दाताळं ओढणाऱ्या एका बाईने काम न थांबवता पुढची ओळ म्हटली.

आईने मला उठवायला धाव घेतली. "अगं, चल लवकर, तिथे आपली बाई आहे!"

बाई पन्नाशीच्या. मराठी सावकाश, एकेक शब्द जुळवून. "आम्ही मराठी, ताई. माझ्या आजोबांचे आजोबा बोटीतून आले. रत्नागिरी." घरात त्या क्रेओल बोलतात, टीव्ही फ्रेंचमध्ये बघतात, मराठी शाळेत शिकल्या आणि देवळात टिकवली. फार वेळ बोलता आलं नाही. पाहुण्यांबरोबर उभं राहून गप्पा मारणं त्यांच्या मुकादमाला चालण्यासारखं नव्हतं. जाता जाता त्या म्हणाल्या, "शनिवारी माझी सुट्टी. घरी या. बस आहे."

खोलीत यावर चर्चासत्र भरलं. बाबांचा मुद्दा साधा होता : शनिवारचं दुपारचं जेवण भरलेलं आहे, संध्याकाळचा चहा भरलेला आहे, आणि आपण बसचे पैसे देऊन दुसरीकडे जेवायला जायचं? मला त्यात या पद्धतीची सगळी मेख दिसली. आतली प्रत्येक गोष्ट शून्य रुपयांत आणि बाहेरचं प्रत्येक पाऊल नव्याने पैसे मोजून, असा हिशोब एकदा मांडला की माणूस आपण होऊन कुंपणाच्या आत राहतो. दाराला कुलूप लागत नाही. आमच्या शेजारच्या खोलीतलं कुटुंब सात दिवसांत फाटकाबाहेर पडलं नव्हतं आणि अगदी समाधानी होतं. बाहेरच्या भाजीवाल्याला, टॅक्सीवाल्याला, ढोलपुरीच्या गाडीवाल्याला त्यांच्याकडून एक रुपया मिळाला नसणार. शेवटी आई म्हणाली, "तुम्ही इथे जेवा. मी जाते." मग सगळेच निघालो.

बस फाटकापासून दहा मिनिटांत उसात शिरली. दोन्ही बाजूंना ऊस, मागे टोकदार काळे डोंगर, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे घरांएवढे ढीग. मुलाला ते किल्ले वाटले. हे बेट ज्वालामुखीचं, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावण्यासाठी ते दगड हातांनी वेचले गेले, आधी गुलामांकडून आणि नंतर करारावर आणलेल्या मजुरांकडून. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपत आली तेव्हा मळेवाल्यांनी भारतातून माणसं आणली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून पहिली तुकडी आली. तो दिवस तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. पुढच्या ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून आली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले बरेच. पोर्ट लुईमध्ये ती ज्या धक्क्यावर उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आम्ही आधीच्या दिवशी तो पाहिला होता, पण बसच्या खिडकीतून ते ढीग बघताना जास्त कळलं.

बाईंचं घर दोन खोल्यांचं, अंगणात लहानसं देऊळ आणि लिचीचं झाड. जेवायला डाळ, भात, 'ब्रेद' म्हणजे लसूण घालून परतलेली पालेभाजी, आणि आईसाठी मुद्दाम केलेली पुरणपोळी, या वेळी गूळ घातलेली. भिंतीवर शिवाजी महाराज. २०२३ साली मोका इथे महाराजांचा पुतळा उभा राहिला, त्या दिवसाचे फोटो त्यांनी कौतुकाने दाखवले. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचतात. आडनावाचं विचारलं तर कळलं की ते गावाचं नाही किंवा कुळाचंही नाही. बोटीतून उतरलेल्या पहिल्या आजोबांचं नाव कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, तेच आडनाव झालं. त्या काळच्या नोंदी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. त्यांच्या मुलाने तिथून कागद काढून आणला होता. त्यावर जहाज, वय, उंची आणि गाव होतं. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आमचे पूर्वज गायकवाडांच्या राज्यात नोकरीवर आले, मानाने आले. यांचे आले ते पाच वर्षांच्या कराराने आणि उंची मोजून.

बाईंची नात माझ्या मुलाच्याच वयाची. तिने शाळेची मराठीची वही आणली आणि त्याला नाव लिहायला सांगितलं. तो घरी मराठी ऐकतो आणि उत्तर गुजरातीत देतो, शाळा इंग्रजी. त्याने लिहिलं, अर्धं देवनागरी, अर्धं गुजराती, वर रेघ न देता. तिने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, वरची रेघ ओढली आणि क्रेओलमध्ये काहीतरी म्हणून हसली. मग त्याच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून आजीला विचारलं, हे काय? आजीने सांगितलं, "हे असलं की सगळं मिळतं." मुलाने हात पाठीमागे घेतला. निघताना आईने पाकीट उघडलं, तेव्हा बाईंनी तिचा हात धरून ते मिटवलं. "ताई, आज मी कामावर नाही." त्या रात्री बाबा पहिल्यांदाच जेवायला गेले नाहीत.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर : परवडतं का? वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर ऑल इन्क्लुझिव्ह सोयीचं आहे. औषधांच्या वेळा सांभाळल्या जातात, रोज जेवायला कुठे जायचं यावर वाद होत नाहीत. पण सगळे दिवस तसे घेऊ नका. तीन दिवस ते आणि तीन दिवस फक्त न्याहारीचं हॉटेल घेतलंत तर पैसेही वाचतील आणि पायही बाहेर पडतील. बसने फिरा. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा तिथे कायद्याने सगळ्यांचा आहे. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली स्थानिक कुटुंबं पातेली घेऊन येतात, गाणी लावतात, तिथे जाऊन बसा. पहाटे किनारा झाडणाऱ्या माणसांना नमस्कार करा. कुणाच्या तोंडून कोणती भाषा निघेल सांगता येत नाही.

आई आता रोज सकाळी सातला मॉरिशसला फोन लावते. तिथे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात आणि बाई कामाच्या गाडीची वाट पाहत उभ्या असतात. नातीची वही आणि आमच्या चिरंजीवांची वही, दोन्हींचे फोटो रविवारी इकडून तिकडे जातात. सध्या जोडाक्षरं चालू आहेत.