पाय टेकतील असा किनारा

मुलांनो, समुद्र म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वाळू, भेळ, घोडागाडी आणि ‘भरती आहे रे, पुढे जाऊ नकोस!’ असं ओरडणारी आई. हो ना? माझ्याही डोळ्यांसमोर तेच येतं. म्हणूनच 2023 च्या जूनमध्ये ग्रीसला गेले, तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

आम्ही चौघं होतो. मी, ताई, तिचा दहा वर्षांचा लेक आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आमची आई. गावाचं नाव नाफ्प्लियो. अथेन्सहून बसने दोनेक तास. 1834 मध्ये राजधानी अथेन्सला गेली. त्याआधी ती इथे होती. गावाच्या डोक्यावर पालामिदी किल्ला आणि समोर पाण्यात बुर्त्झी नावाचा चिमुकला जलदुर्ग. आईला लगेच मुरुडचा जंजिरा आठवला! आणि गंमत बघा, ‘बुर्त्झी’ आणि आपला ‘बुरूज’ ही दोन्ही एकाच अरबी शब्दाची नातवंडं.

पहिल्याच दिवशी आम्ही अर्वानितियाला गेलो. किल्ल्याच्या कड्याखालचा हा छोटा किनारा गावापासून अगदी जवळ. फोटो पाहून मीच तो निवडला होता. वाळू नाहीच, सगळे गोटे. काही ठिकाणी तर शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरायचं. भाचा पुण्यात टँकवर पोहायला शिकलेला. ऐटीत उतरला, चार हात मारले आणि सवयीने पाय खाली सोडले. पण तळ कुठे होता? पाणी इतकं नितळ, की गोटे हाताशी आल्यासारखे दिसत होते. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे चार फूट पाणी वरून तीनच फूट भासतं. इथे तर पुरुषभराहून जास्त होतं!

बिचारा घाबरला. नाकातोंडात पाणी गेलं. मी उडी मारेपर्यंत शेजारी पोहणाऱ्या एका ग्रीक आजींनी त्याचा दंड धरून त्याला शिडीशी आणलं. खोलीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “मावशी, मला आता समुद्र नको.”

मला रात्रभर झोप लागली नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. मी फोटो पाहिला, पण कोण पोहणार आहे ते पाहिलं नाही.

सकाळी आम्ही कागद घेऊन बसलो. तळ वाळूचा की गोट्यांचा? पाणी एकदम खोल होतं की हळूहळू? सावली आहे का? आईला चालावं किती लागेल? या परीक्षेत पहिला आला काराथोना! आई आणि ताई टॅक्सीने गेल्या, आम्ही दोघं कड्याच्या पायवाटेने तीनेक किलोमीटर चालत गेलो. तिथे लांबच लांब वाळू आणि मागे चक्क निलगिरीची झाडं! आईने सावलीत बैठक मारली. भाचा आधी घोट्यापर्यंत गेला, मग गुडघ्यापर्यंत. कितीतरी पावलं गेला, तरी पाणी कमरेएवढंच. भूमध्य समुद्र चारी बाजूंनी जवळजवळ बंद, त्यामुळे कोकणासारखी मोठी भरती-ओहोटीही नाही. दुपारी वारा सुटतो, म्हणून आम्ही सकाळीच जायचो.

एक दिवस तोलोच्या वाळूत गेला. एक दिवस आसिनीला. त्या गावाचं नाव होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे, म्हणून ताई खूश!

शेवटच्या दिवशी भाचा आपणहून म्हणाला, “मावशी, अर्वानितियाला जाऊ या. तिथे पाय टेकत नाहीत, हे आता मला ठाऊक आहे.” एका हाताने शिडी धरून तो उतरला, मी पाण्यात शेजारीच होते. मग शिडी सोडून उताणा तरंगला. दहा आकडे मोजले! तिथल्या एका लिटर पाण्यात साधारण 38 ग्रॅम मीठ असतं, महासागराहून थोडं जास्त. ते माणसाला अलगद उचलून धरतं.

दोस्तांनो, आपल्या कोकणात जाल तेव्हाही आधी हेच विचारा. भरती कधी? तळ कसा? गावकरी कुठे जाऊ नका म्हणतात? किनारा सुंदर आहे का, हे मग विचारा. आणि आई ओरडली, तर रागावू नका बरं का. माझी ताई तर त्या दिवशी ओरडायचंही विसरली होती.