घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

मांजर्लीतले आमचे घर लहान. अब्बांचे घोरणे सगळ्यांना ऐकू येई. "दमलेत, गाढ झोपलेत," अम्मी म्हणायची. पण दिवसा लोकलमध्ये ते उभ्याउभ्या पेंगत, आणि गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नव्हता. एका रात्री मी फजरपर्यंत जागून पाहिले. घोरणे थांबे, श्वासही थांबे. मी वीस आकडे मोजेपर्यंत ते गुदमरून दचकत.

झोपेच्या तपासणीत निदान झाले: स्लीप अ‍ॅप्निया. यात घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घटतो, हृदयावर ताण येतो. आता सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवते. अब्बांचे पेंगणे थांबले आहे.

तुमच्या घरीही कुणी असे घोरत असेल, तर हसू नका, डॉक्टरांना सांगा.