एका आज्ञेवाचून अडलेला संगणक

2007 साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या गावातल्या प्राथमिक शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग तिथे झाला. यंत्राचं नाव एक्सओ-1. आत एएमडीचा जीओड प्रोसेसर, वेग 433 मेगाहर्ट्झ, रॅम 256 एमबी, हार्ड डिस्कऐवजी 1 जीबीची फ्लॅश मेमरी. भर उन्हात अंगणात बसूनही पडदा वाचता येई. हे सगळं चालायचं लिनक्सवर.

जून 2023 मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाची, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या तयार संचाची, बारावी आवृत्ती आली आणि जीओडची तिच्यातली जागा गेली. कारण ऐकण्यासारखं आहे. नव्या आवृत्तीतल्या 32-बिट प्रोग्रॅमसाठी प्रोसेसरला एक जास्तीची आज्ञा कळणं सक्तीचं झालं, आणि ती आज्ञा सांगते काय, तर काहीच करू नकोस! कोडमधल्या मोकळ्या जागा भरायला ती वापरतात. तिचं लांब रूप जीओडला कळत नाही. ते समोर आलं की प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मात्र जीओडसाठी तो बांधण्याचा पर्याय तेव्हाही शाबूत होता. यंत्राला सोडलं ते वितरणानं, कर्नलनं नाही. ‘सपोर्ट संपला’ असं ऐकून संगणक भंगारात काढणाऱ्याला हा फरक कुणी सांगत नाही.

कर्नलही कधीकधी हात सोडतो. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ज्या 386 प्रोसेसरवर लिनक्स लिहिलं, त्याचाच आधार डिसेंबर 2012 मध्ये काढला गेला. त्या एका जुन्या प्रोसेसरसाठी बाकीच्या कोडमध्ये सतत खास तजविजी सांभाळाव्या लागत होत्या. इंटेलचा इटेनियम 2001 चा, महागड्या सर्व्हरांसाठीचा. सांभाळणारं कुणी उरलं नाही म्हणून 2023 मध्ये त्याचा कोड काढून टाकला. पण त्याच्याहून कितीतरी जुनं मोटोरोलाचं 68000 कूळ, अमिगा आणि अटारी संगणकांतलं, अजून कर्नलमध्ये नांदतं आहे. गीर्ट आयटरहोवेन आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं त्याची निगा राखतात, म्हणून. माझ्या मते या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच: यंत्राचं वय किती, यापेक्षा ते हाताशी ठेवून नवा कोड त्यावर तपासणारा कुणी आहे का, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

भोकरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आता दारात आला आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळा-दुकानांतली धडधाकट यंत्रं नियमाबाहेर गेली. त्यांतली बहुतेक 64-बिट आहेत. त्यांच्यावर लिनक्स चालतं, आणि ती फेकून देणं मला उधळपट्टी वाटते. 32-बिट संगणकांची वाट अवघड: ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही.

अशी जुनी यंत्रं लिनक्सवर चालती ठेवायला फार मोठा प्रोग्रॅमर असावं लागत नाही. चिकाटी लागते. जुन्या संगणकावर कर्नल कंपाइल करायला तासन्‌तास जातात, म्हणून तो नव्या संगणकावर बांधून इकडे आणायचा. सुरू होताना तो अडला, तर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या आवृत्तीच्या मधोमधची आवृत्ती बांधून पुन्हा तपासायचं. दर खेपेला निम्मे बदल संशयातून सुटतात. बदल सोळा हजार असले तरी चौदा-एक चाचण्यांत दोषी सापडतो; कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात त्यासाठी ‘बायसेक्ट’ ही आज्ञाच आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनात हा विद्यार्थ्यांचा प्रकल्प व्हावा, असं मनापासून वाटतं. सापडलेला बदल तो कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरला कळवायचा, दुरुस्तीचा पॅच आला की त्याच यंत्रावर चढवून पाहायचा आणि चालला तर तसं उत्तर धाडायचं. तसं कळवणाऱ्याचं नाव पॅचखाली ‘टेस्टेड-बाय’ या ओळीत कर्नलच्या इतिहासात नोंदलं जातं.