ऐकू येतंय का?

"नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होता ते एकदा लिहाच," असा संपादकांचा आग्रह झाला. तीस वर्षं मी इथे न्यू जर्सीत संगणकांचं नेटवर्क सांभाळलं. सांगलीला आईला मात्र "टेलिफोन खात्यासारखंच काम" एवढंच सांगत असे. ते फारसं खोटं नव्हतं.

१९९०च्या आधी ज्यांनी इथून घरी फोन लावलेत त्यांना आठवत असेल. "हॅलो आई, ऐकू येतंय का?" "हो, येतंय. माझं तुला येतंय ना?" "हो, येतंय." मगच बोलणं सुरू. संगणकांना भरवशाने बोलू देणारा टीसीपी नावाचा नियम अगदी हेच तीन निरोप देतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली त्याचा आराखडा मांडला आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट त्यावर आलं. दोन निरोपांत भागत नाही, कारण आपलं बोलणं मला पोचतंय हे आईलाही कळायला हवं. त्यातच दोघं आपापला सुरुवातीचा आकडा सांगतात. पुढे पाठवलेल्या मजकुराची पोच त्या हिशोबाने येते. नाही आली, तर तेच पुन्हा पाठवायचं.

ठेवायची रीतही आमच्या घरचीच. एकाने "माझं झालं" म्हटलं तरी दुसऱ्याला बोलायची मुभा असते. (मी "ठेवतो" म्हटलं की आईला हमखास लोणच्याची आठवण व्हायची.) मग दुसराही "झालं" म्हणतो, त्याची पोच जाते, आणि आधी निरोप घेणारा मूळ नियमाप्रमाणे चार मिनिटं तसाच थांबतो. शेवटची पोच वाटेत हरवली तर उत्तर द्यायला कोणी नको का?

मला छळलं ते मधल्या शांततेने. जोडणी झाली आणि कोणीच बोललं नाही, तर तारेवरून काहीच जात नाही. तास जावोत, दिवस जावोत. तेवढ्यात एकीकडची वीज गेली, तरी दुसरीकडचा आपला जोडणी शाबूत समजून बसलेला.

२००३ साली मी तसाच बसलो होतो. आई एकटी, फोन दर रविवारी. सोमवारी ती न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. शेजाऱ्यांना तिची ताकीद, "त्याला कळवू नका." सहा दिवस मी खुशाल होतो. रविवारी फोन नुसता वाजत राहिला.

यावर टीसीपीत उपाय आहे. मजकूर काही नाही, फक्त पोच मागणारा एक रिकामा निरोप अधूनमधून पाठवायचा. १९८९च्या नियमांत तो ऐच्छिक ठेवला आहे, आणि मुद्दाम सांगितलं नाही तर दोन तासांच्या आत पाठवायचा नाही. उगाच तारा का अडवायच्या, हा विचार. आईचंही तेच. रोज फोन म्हटल्यावर म्हणाली, "पैसे काय झाडाला लागलेत?"

शेवटी तिला मोबाईल घेऊन दिला. रात्री साडेनऊला मी रिंग द्यायची, तिकडे सकाळ असायची, आणि तिने दोन रिंगांत कापायचा. खर्च शून्य, पोच मिळाली. हे आमचं बरीच वर्षं चाललं. एकदा तिने कापला नाही. तिसरी रिंग, चौथी रिंग... माझ्या पोटात गोळा आला. मग उचलला. "सारखं काय कापायला लावतोस रे? आज बोल की दोन शब्द."