उजवा कान

त्या दिवशी पहाटे पाच वाजता दापोलीहून सायकलवर निघताना माझ्या अंगावर काय काय होतं ते आधी सांगतो. बनियन, त्यावर जाड सुती टीशर्ट, त्यावर घरी विणलेला लोकरीचा स्वेटर, त्यावर रेनकोटासारखं कडक जॅकेट, आणि डोक्याला माकडटोपी. जानेवारी होता. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फूट उंच, त्यामुळे हुडहुडी भरतेच. फाटकापाशी उभा असताना मला अजिबात थंडी वाजत नव्हती आणि याचं मला समाधान वाटलं होतं.

केळशीला किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं होतं. आसूदचा उतार लागला तेव्हा आणखी एक स्वेटर हवा होता असं वाटलं. खालच्या पोफळीच्या बागांत वरच्यापेक्षा जास्त गारठा असतो, कारण रात्रीची थंड हवा जड होऊन दरीत उतरते. समुद्राकडे जाऊ तसं उबदार होईल हा माझा हिशोब तिथेच चुकला.

हर्णै मागे टाकून आंजर्ल्याच्या खाडीपुलावर आलो, तर उजवा कान टोपीतूनसुद्धा दुखायला लागला. डावा मात्र शाबूत. डावीकडे समुद्र आणि उजवीकडे जमीन. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. शाळेत भूगोलात त्याची आकृती काढली होती, पण तो कानात शिरल्यावर मला खरा कळला. खाडीच्या पन्हळीतून तर तो नेम धरून येतो.

आडे सोडलं आणि उटंबरचा चढ लागला. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. आंबावाल्यांची झोप उडवणारं हवामान, कारण मोहोर फुललेला असताना मळभ आलं की तुडतुडे वाढतात. मी मात्र ऊन नाही म्हणून खूश होतो. अर्ध्या चढावर कपाळाचा घाम डोळ्यांत जायला लागला. थांबून जॅकेट काढायला हवं होतं, पण चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा सुरुवात करणं जिवावर येतं. तसाच रेटत वर गेलो. आत सगळं चिंब. कडक जॅकेटने वारा अडवला, तसाच घामही आत कोंडून ठेवला.

मग उतार. चारदोन थेंबही पडले. पाय थांबले की अंगातली भट्टी विझते, आणि ओलं सूत अंगाला चिकटून उरलीसुरली ऊबही शोषून घेतं. केळशीच्या चिरेबंदी गडग्यांमधल्या अरुंद वाटेवर शिरलो तेव्हा दात वाजत होते. कोकणात, समुद्राला लागून!

ज्या घरी उतरायचं होतं तिथल्या काकूंनी एकवार बघितलं. "अहो, आधी ते ओलं काढा. चहा मग."

आजोबा झोपाळ्यावर बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. उमेदीत त्यांनी सायकलवरून टपाल वाटलेलं. माझे कपडे दांडीवर वाळत पडलेले पाहून म्हणाले, "सुती आत नि लोकर बाहेर? उलटं केलंस रे." लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, म्हणून ती अंगालगत हवी. पूर्वी युरोपातले सायकल शर्यतवाले लोकरीच्या जर्सी घालत ते याचसाठी.

"आणि निघताना थंडी वाजली नाही म्हणजे जास्त घातलंय," असंही ते म्हणाले. हे मात्र मला मनापासून पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला परत निघालो. आभाळ स्वच्छ झालं होतं, म्हणूनच गारठा वाढला होता. अंगालगत लोकर, वर पातळ शर्ट, आणि जॅकेट कॅरिअरला. कुडकुडत होतो. आजोबांनी कालच्या पेपराच्या चार घड्या केल्या आणि शर्टाच्या आत छातीवर सरकवल्या. "चढावर काढ, उतारावर घाल." फ्रान्सच्या त्या प्रसिद्ध शर्यतीतले गडीही घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत खुपसत, हे मी वाचलं होतं. तेच केळशीत हातात पडेल असं वाटलं नव्हतं. काकूंनी कानांभोवती पंचा गुंडाळायला दिला. माकडटोपीपेक्षा तो बरा, चढावर एका हाताने गळ्यात ओढता येतो.

गाव संपेस्तोवर थंडी वाजली. उटंबरच्या पायथ्याशी थांबलो, पेपर काढून पिशवीत टाकला आणि चढलो. वर पोचून पुन्हा खुपसला. उतरताना छाती कोरडी, उबदार. पुलावर या वेळी डावा कान पंच्याआड होता.

दापोलीला पोचून पेपर बाहेर काढला तेव्हा तो दमट होऊन लोळागोळा झाला होता. संध्याकाळी सुखरूप पोचल्याचं कळवायला फोन केला, तर आजोबांनी पहिला प्रश्न केला, "ते मागचं पान नीट आहे ना रे? उभे शब्द राहिलेत माझे."