पदराची उलटी बाजू

पैठणीच्या दुकानात जाणती बाई आधी पदर उलटा करते. सुलट बाजूचा मोर कुणीही देखणा काढेल. खरं काय ते मागे कळतं. येवल्याच्या हातमागावर विणलेल्या मोराची पाठ त्याच्या पोटाइतकीच स्वच्छ असते.

कारण विणण्याच्या रीतीत आहे. मोराच्या एकेका रंगाला वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी. हिरवा धागा हिरव्याच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या लाल धाग्याला अडकतो आणि मागे फिरतो. पदरभर अशा कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात. विणकर उभे धागे मोजत त्या एकेक सरकवतो आणि नक्षी दाट असेल तर दिवसाकाठी पदर जेमतेम इंच-दोन इंच वाढतो. यंत्रमागाला एवढं थांबणं परवडत नाही. त्याचा आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, रंग हवा तिथे वर दिसतो, नको तिथे मागे दडतो. दडलेले धागे मग कापावे तरी लागतात, नाहीतर झाकावे तरी.

नक्षीसाठी कुठला उभा धागा उचलायचा हे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून ठरवणारी यंत्रणा फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ मारी जॅकार्डने 1804च्या सुमारास सिद्ध केली. भोक असेल तर आकडा धागा उचलणार, नसेल तर नाही. 1839मध्ये लियोंमध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, सुमारे चोवीस हजार पुठ्ठे वापरून. गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने ते मिळवून घरात लावलं होतं. पाहुण्यांना ते छापील चित्रच वाटे. बॅबेजने गणनयंत्राच्या आराखड्यात घेतले ते हेच पुठ्ठे. मागावरून निघालेली ती कल्पना आता संगणकाच्या रूपाने मागावर परतली आहे. पडद्यावरच्या आलेखात एक चौकोन रंगवला की एका धाग्याचं भवितव्य ठरतं, पुठ्ठ्यांची गरजच उरत नाही.

हात एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे अशी सरळ फाळणी मात्र करता येत नाही. येवल्यातल्या काही हातमागांवरही जॅकार्डची यंत्रणा बसवलेली असते. मग अशी साडी कुठल्या खात्यात मांडायची? दुकानात हा प्रश्न सहसा निघत नाही.

मला अधिक खटकतं ते वेगळंच. पिढ्यान्‌पिढ्या विणकराची धडपड होती ती सगळे मोर एकसारखे यावेत, काठ कुठे हलू नये यासाठी. यंत्राने ते चुटकीसरशी साधलं, आणि एकसारखेपणाचा भाव उतरला. आता विक्रेता एखादी वाकडी चोच बोटाने दाखवतो आणि म्हणतो, बघा, हाताचं काम! काल जी चूक होती ती आज प्रमाणपत्र झाली. विणकराने काहीच बदललं नाही. त्याच्या कामाचा अर्थ शेजारच्या यंत्राने बदलला.

म्हणून यंत्राला नाक मुरडावं, असंही मला वाटत नाही. पैठणची वस्त्रं पेशव्यांनी मागवल्याचे उल्लेख पत्रांतून सापडतात. तो थाट तेव्हा सामान्य घरात येण्यासारखा नव्हता. आज जी बाई काही हजारांत यंत्रमागावरची सेमी पैठणी घेऊन लेकीच्या लग्नात मिरवते, तिला पदराची पाठ दाखवून हिणवणं हा उद्धटपणा आहे. तक्रार असेल तर यंत्राची साडी हाताची म्हणून खपवणाऱ्यावर. डिजिटल छपाईने तर गोष्ट आणखी पुढे नेली: कुर्ती, पिशवी, मोबाईलचं कव्हर, सगळीकडे मोर. कापडावरचा असला तर उलटून पाहा, मागे नुसता फिकट डाग. निदान तो कुणाला फसवायला जात नाही.

पण संगणकी जॅकार्ड हाताशी असताना आपण त्याच्याकडून करून काय घेतो, तर हातमागाची नक्कल. जॅकार्डचं ते रेशमी चित्रही छापील चित्राची नक्कलच होतं म्हणा, पण हाताने विणायला कुणी धजावलं नसतं इतकं बारीक. पदरभर एकही आकृती पुन्हा येणार नाही, प्रत्येक मोर निराळा असेल, अशी साडी या मागाला अवघड नाही. तरी बाजारात तोच बांगडी मोर, तोच मुनिया, तोच नारळी काठ. गिऱ्हाईक तेच मागतं, असं दुकानदार सांगतात. पण दुसरं काही त्यांनी दाखवलंय कुठे?